न रापणारी पोर

नवीन पनवेल,
९ ऑगस्ट २००६, नारळी पौर्णिमा

दादा,

पाकिटात राखी आहे. बांधायला मी येणार नाही, कारण तू भर अंगणात मला "परत पाय ठेवू नको" म्हणालास, आणि मी तुझीच बहीण असल्यामुळे तुझ्याइतकीच हट्टी आहे. माझ्या वतीनं सत्यवती वहिनीकडून बांधून घे. फोन केला की तू उचलतोस आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस. पत्र तसं ठेवून देता येत नाही, ते घरात येऊन पडतं, म्हणून हा उपाय.

पहिली गोष्ट, तुझी प्रांजल बरी आहे. पाठीवरचे फोड वाळले, नवी कातडी आली. खांद्यावर एक डाग राहिलाय, तो जाईल म्हणतात. पोर दिवसभर बडबडते आणि माझ्या शिलाईच्या मशीनखाली बसून चिंध्यांचे मासे करते. कृष्णकांतांना ते विकत घ्यावे लागतात. तुझ्या मेव्हण्यानं उभ्या जन्मात एवढी मासळी घेतली नसेल.

एप्रिलमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे. पण ते का झालं हे तुला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. आपले आजोबा सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढायचे. जाळं तांबूस व्हायचं, पक्कं व्हायचं, खाऱ्या पाण्यात कुजायचं नाही. माणसाची कातडीही उन्हात तशीच पक्की होते, असं आपल्या कोळीवाड्यात सगळेच धरून चालतात. पोरगा रापला की दर्यावर न्यायला तयार झाला म्हणायचे. तुझी पोर जन्मली तीच दुधासारखी पांढरी, केस पिवळट, उजेडात डोळे मिटणारी. तुला वाटलं, हिला थोडं थोडं रापवलं की होईल आपल्यासारखी. म्हणून रोज सकाळी वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी तिला गोधडीवर बसवायचास, आज थोडा वेळ, उद्या जरा जास्त. तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं. पण दादा, बोंबील आणि पोर यांत काही फरक करायला हवा होता.

मी करंजाला तुझ्या घरी पोचले तेव्हा तिची पाठ फोडांनी भरलेली होती, नाक सोलून निघालं होतं आणि तू म्हणत होतास, "रापतेय ती. पैल्यांदा सगल्यांचीच साल निंगते." त्यावर मी जे बोलले ते सगळ्या कोळीवाड्यानं ऐकलं. त्यातला एकही शब्द मी परत घेणार नाही. तू उलट म्हणालास, "तुला पोर नाय म्हनून माझी पायजे तुला. ने. आनि परत आनू नको." मी नेली. तुझं ते वाक्य मला लागलं, अजून लागतं, पण ते बाजूला ठेवून पुढचं लिहिते.

इथे पनवेलला लाइन आळीत डॉक्टर चारुता म्हणून आहेत, त्वचेच्या. त्यांनी प्रांजलला पाहिलं आणि मला खुर्चीत बसवून समजावलं. तिच्या अंगात रंग बनतच नाही, जन्मापासून. हे कोड नाही, कोणाची नजर नाही, वहिनीनं ग्रहणात काही चिरलं म्हणूनही नाही, आणि लागणारा रोग तर मुळीच नाही. तुझीमाझी कातडी काळवंडते ती आतला रंग पुढे येऊन ऊन झेलतो म्हणून. हिच्याकडे झेलायला कोणी नाही. ती रापणार नाही, म्हातारी होईपर्यंत नाही. ती फक्त भाजेल, आणि पुन्हा पुन्हा भाजत राहिली तर पुढे कातडीचा कॅन्सर. हे ऐकून मी तिथेच रडले. मग डॉक्टर म्हणाल्या, रडू नका, यावर उपाय साधा आहे, फक्त रोजचा आहे. अंगभर कपडे, रुंद टोपी, गॉगल, आणि रोज सनस्क्रीन. बाहेर पडायच्या आधी चेहरा, मान, कान, हात, पायांचे पंजे, काही सोडायचं नाही, आणि बाहेर असेल तर दर दोन तासांनी पुन्हा.

औषधाच्या दुकानात मी सनस्क्रीन मागितलं तर तिथल्या माणसानं गोरं करणारी क्रीम पुढे केली. हे नको, उन्हाचं द्या म्हटलं, तर काउंटरवरून वाकून त्यानं प्रांजलकडे पाहिलं. "मॅडम, हिला अजून किती गोरी करणार?" दुकानातल्या बायका हसल्या. मीही हसले, आणि मग त्या सगळ्यांना उभं करून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. आता तो माणूस मला रस्त्यावर लांबून पाहिलं की बाटली काढून ठेवतो.

आज टीव्हीवर कोळीवाड्यातले नाच दाखवत होते. प्रांजल पडद्याला नाक लावून बसली होती, तिला लांबचं दिसत नाही. म्हणाली, "आज आमची होडी जाते ना? सगळे बसतात ना? मला का नेत नाहीत?" ही पोर जन्मापासून एकदाही तुझ्या होडीत बसलेली नाही. पौर्णिमेला सगळं घर नटून होडीत, आणि ही आतल्या खोलीत, बाहेरचा बाजा ऐकत. मी तिला शब्द दिलाय की एक दिवस ती दिवसाढवळ्या तुझ्या होडीत बसेल आणि सुकाणू तुझ्या हातात असेल. मी उगाच शब्द देत नाही हे तुला माहीत आहे.

रागावलेली, पण तुझीच,
निशा


नवीन पनवेल,
२२ ऑगस्ट २००८

दादा,

वहिनी मासळी घेऊन बाजारात आली होती, तिनं तुझा निरोप दिला. "पोर परत आन." दोन वर्षांत मी तुला इतकी पत्रं लिहिली, त्यावर तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द. वहिनी असंही म्हणाली की माझं पत्र आलं की तू ते शर्टाच्या खिशात घालून दर्यावर नेतोस आणि ते परत येतं तेव्हा ओलं झालेलं असतं. तेव्हा हे पत्र मी जाड कागदावर लिहिते आहे.

तुझ्या कानावर आलं ते खरं आहे, प्रांजलला पुन्हा चटका बसला. कसा बसला ते ऐक. ती आता पहिलीत आहे, पहिल्या बाकावर बसते, जाड भिंगाचा चष्मा आहे. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर कवायत होती. मी घरून सगळं लावून, टोपी घालून पाठवलं. कवायतीचे गुरुदत्त सर म्हणाले, शाळेत मेकअप चालत नाही, आणि ओल्या रुमालानं तिचं तोंड पुसून काढलं. झेंड्यापुढे टोपीही नको म्हणाले. आभाळ पूर्ण भरलेलं होतं, त्यांना वाटलं ऊन आहेच कुठे. पोर बिचारी भाषणं संपेपर्यंत उभी राहिली. संध्याकाळी कान आणि नाक लाल, हात लावू देईना.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत निघाले तेव्हा कृष्णकांत म्हणाले, "जरा सबुरीनं घे." ते द्रोणागिरीच्या गोदामात कारकून आहेत, तिथे कंटेनर आठवडाभर अडकून पडतो, तिथे सबुरी चालते. मी गेले ती थेट शिक्षकांच्या खोलीत. म्हटलं, सर, तुम्ही काल माझ्या भाचीचं औषध पुसलंत. ते म्हणाले, "अहो, ढग होते." मी प्रांजलला पुढे केलं आणि तिच्या कानावरचे केस बाजूला केले. त्यांनी वाकून पाहिलं. मग खाली बसले आणि तिला म्हणाले, "बाळा, मला कोणी सांगितलं नव्हतं." प्रांजल म्हणाली, "मी सांगत होते, पण तुम्ही 'सावधान' म्हणालात."

या एका वाक्यानं माझं अर्धं भांडण वाया गेलं, सगळे हसायला लागले. पण पुढचं ऐक. सरांनीच मुख्याध्यापिकांना सांगून डॉक्टर चारुतांना शाळेत बोलावलं. सगळे पालक आले. डॉक्टरांनी सांगितलं की ढग प्रकाश अडवतात, पण भाजणारे किरण बरेचसे खाली येतातच, आणि हे फक्त प्रांजलचं नाही, सावळ्या पोरांचंही आहे. त्यांना फोड येत नाहीत इतकंच, नुकसान आत साठत राहतं. मग त्यांनी सरांनाच विचारलं, मैदानावर किती वर्षं झाली? सरांच्या मानेवर कॉलरच्या रेषेपर्यंत काळा, जाड, सुरकुतलेला पट्टा आहे. आता प्रांजलची एक बाटली शिक्षकांच्या खोलीत असते आणि कवायतीआधी सर पहिला थेंब स्वतःच्या मानेला लावतात. प्रांजल ती बाटली दुसऱ्या कोणालाही देत नाही, सरांना मात्र देते.

आता तुझा निरोप. नाही आणणार. तू वहिनीला म्हणालास म्हणे की तिला आतल्या खोलीत ठेवीन, उन्हाचा कवडसा लागू देणार नाही. आधी तू तिला उन्हात ठेवलीस, आता अंधारात ठेवायची म्हणतोस. मधली वाट तुला दिसतच नाही का रे? तुझ्या खोलीत तिला ऊन लागणार नाही हे खरं, पण शाळा, मैत्रिणी, पतंग यांतलंही काही लागणार नाही. तुला भीती वाटते हे मला कळतं. तू फोड पाहिलेस, ते तुझ्या हातून झाले, ते तुझ्या डोळ्यांपुढून जात नसणार. पण तुझ्या भीतीसाठी पोरीला कोंडायला मी देणार नाही.

तिनं परवा होडीचं चित्र काढलं. त्यात सगळ्यांना रंगवलं आणि स्वतःची जागा कागद तसाच ठेवून दाखवली. म्हणाली, "मी पांढरीच आहे ना, रंग कशाला वाया घालवू?"

निशा


नवीन पनवेल,
२० डिसेंबर २०१०

दादा,

आज पत्रात भांडण नाही. आज माझी छाती आनंदानं फुगली आहे आणि तुला सांगितल्याशिवाय ती खाली बसायची नाही.

शाळेची सहल कर्नाळ्याला गेली होती, किल्ल्यावर, पायी, सकाळपासून उतरत्या दुपारपर्यंत. गेल्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, प्रांजल नको, जबाबदारी कोण घेणार. यंदा त्यांनीच यादीत तिचं नाव घातलं. मी गडद निळ्या जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा झगा शिवला, टोपीला मागे मान झाकेल अशी झालर लावली. पण खरी गंमत वर गेल्यावर झाली. तिनं स्वतःची बाटली काढली, कान, नाक, हात सगळं लावलं आणि मग वर्गातल्या मुलींना रांगेत उभं केलं. "सगळ्यांनी लावायचं. काळं व्हायचं नाही म्हणून नाही, कातडी चांगली राहावी म्हणून." हे वाक्य डॉक्टरांचं, पण दटावणी माझी आहे, असं सर मला म्हणाले. संध्याकाळी ती घरी आली ती जशी गेली होती तशीच. मी उजेडात धरून तिची मान, कानामागचा भाग, पंजे सगळं पाहिलं. कुठे लाली नाही, कुठे चट्टा नाही. दादा, साडेचार वर्षं रोज, न चुकता, आजारी असेल तेव्हाही, खिडकीतून ऊन येतं म्हणून घरातसुद्धा लावलं, त्याचं हे फळ. डॉक्टरांनी परवा भिंगातून तिची सगळी कातडी तपासली आणि म्हणाल्या, खांद्यावरचा जुना डाग सोडला तर कुठेही काही नाही, निरोगी आहे. मी दवाखान्यातून घरापर्यंत पेढे वाटत आले.

आता वहिनीचं ऐक. ती तुला सांगणार नाही, लाजेल. तिच्या दोन्ही गालांवर वांग आलेत ना, नाकापर्यंत पसरलेले काळे डाग? बाजारात उन्हात बसून ते दरवर्षी गडद होत होते. दर आठवड्याला ती प्रांजलला भेटायला येते तेव्हा प्रांजल तिच्या मागे लागायची. वहिनी म्हणायची, "मना काय करायची सनकीरीम? मी काय नवरी हाय?" शेवटी प्रांजलनं एक दिवस बाजारात तिच्या मासळीच्या पाटीशेजारी बसूनच तिच्या तोंडाला फासलं. बाजारातल्या बायकांनी "साहेबीन आली" म्हणून डोकं खाल्लं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वांगावर कुठलंही औषध द्या, सनस्क्रीन रोज लावलं नाही तर ते पाण्यात गेलं. वहिनीनं सहा महिने लावलं. आता तिचा चेहरा पाहा. तू पाहिला असशीलच, तू तिचा नवरा आहेस, पण तू कधी काही बोलत नाहीस म्हणून मी बोलते, वहिनी दहा वर्षांनी लहान दिसते. आणि "साहेबीन" म्हणणाऱ्या बायका आता तिच्या पिशवीतली बाटली मागतात.

डॉक्टरांना मी आपल्या रापण्याचं सांगितलं, आजोबांच्या जाळ्याचंही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जाळं सालीनं पक्कं होतं ते खरं, पण कातडीचं तसं नाही, रापणं म्हणजे कातडीनं मार खाल्ल्याची खूण आहे. मी तेव्हा तुझा चेहरा आठवला. तुझे हात, तुझी मान. सगळं आयुष्य आपण ज्याला पक्कं झालो म्हणत आलो ते हे.

आणि एक गोष्ट मला वहिनीकडून कळली. गेल्या मार्चमध्ये तू शाळेच्या फाटकासमोर रसवंतीच्या आडोशाला उभा होतास. प्रांजल टोपी घालून मैत्रिणींबरोबर बाहेर आली, तुझ्यासमोरून गेली. तिला लांबचं दिसत नाही, तिनं तुला ओळखलं नाही, आणि तू हाक मारली नाहीस. दादा, मला हे कळल्यावर मी खूप रडले, आणि मग तुझा खूप राग आला. एक हाक मारायला काय झालं होतं?

पुढच्या वेळी मार.

निशा


नवीन पनवेल,
८ जुलै २०१२

दादा,

तू प्रश्न विचारलास. सहा वर्षांत पहिल्यांदा. वहिनीनं निरोप आणला तेव्हा मी मशीन बंद करून तो दोनदा म्हणायला लावला. "दर्यावर ऊन वरून येतं तसं पान्यावरनं खालनंपन येतं. टोपी काय करल तिथं?"

याचा अर्थ तुला कळतोय ना? तू नाही म्हणत नाहीस, तू विचार करतोयस. नाही म्हणायचं असतं तर तू नेहमीसारखा गप्प बसला असतास.

तर उत्तर. बरोबर आहे, पाण्यावरून ऊन खालूनही येतं. म्हणून हनुवटीखाली, नाकाच्या खाली, कानाच्या पाळीमागे, गळ्याखाली, सगळीकडे लावायचं. पाण्यात टिकणारं सनस्क्रीन मिळतं, ते मी आणून ठेवलंय. ओठांना वेगळं मलम. निळा झगा आता आखूड होतो, नवा शिवलाय, हातमोज्यांसकट. डोळ्यांना दोन्ही बाजूंनी झाकणारा गॉगल. घरून निघताना एकदा, होडीत चढायच्या आधी एकदा, आणि पाण्यावर दोन तास व्हायच्या आत पुन्हा. तुझ्याकडे मागायचं आहे ते एवढंच की होडीवर ताडपत्रीची सावली कर. बाकी सगळं मी बघते.

प्रांजल दहा वर्षांची आहे. ती रडत नाही, हट्ट करत नाही, तिनं परवा फक्त विचारलं, "आत्या, बाबांना मी नकोय की त्यांना ऊन नकोय?" मी म्हटलं, बाबांनाच विचारू. उत्तर तू दे, तोंडानं द्यायचं नसेल तर होडीनं दे.

माझी पैज ऐक. पौर्णिमा दोन ऑगस्टला आहे. त्या दिवशी तिला होडीत घे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्या अंगावर उन्हाचा एक जरी चट्टा उठला तर मी यापुढे होडीचं नाव काढणार नाही, तिलाही काढू देणार नाही. लोक मला म्हणतील, निशाला मूल नव्हतं म्हणून तिनं भावाचं उचललं आणि जाळलं. ते मी ऐकून घेईन.

आम्ही पहिल्या बसनं येतो. तू धक्क्यावर नसलास तर तशाच परत जाऊ.

निशा


नवीन पनवेल,
४ ऑगस्ट २०१२

दादा,

परवा निघताना तू म्हणालास, "पत्र बंद करू नको. मना सवय झालीय." म्हणून लिहिते, नाहीतर फोन आहे आणि आता तू तो ठेवतही नाहीस.

आधी महत्त्वाचं. काल सकाळी आणि आज सकाळी, दोन्ही दिवस तिला खिडकीशी उभं करून पाहिलं. कृष्णकांतांनी चष्मा लावून पाहिलं. डॉक्टर चारुतांनी पाहिलं. एकही चट्टा नाही. कानाची पाळी नाही, हनुवटी नाही, काही नाही. मी पैज जिंकले, आणि हे मी मोठ्या अक्षरात लिहिणार होते पण कागद पुरणार नाही.

तू धक्क्यावर होतास. पांढरा सदरा, लाल टोपी, आणि होडीवर एवढी मोठी ताडपत्री की शेजारच्या होडीचा गणू तांडेल विचारत होता, लग्न कोणाचं आहे. वहिनी म्हणाली, तू आठवडाभर ती बांधत होतास, सोडत होतास आणि पुन्हा बांधत होतास. प्रांजल बसमधून उतरली आणि तुझ्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबली, कारण तिला तिथून चेहरा दिसतो. "बाबा?" एवढंच म्हणाली. तू मान हलवलीस आणि होडीकडे बोट केलंस. सहा वर्षांनी मुलगी भेटली आणि माणूस होडी दाखवतो. मी तुला तिथेच चार शब्द ऐकवणार होते, पण ती होडीकडे पळत सुटली होती.

तू मागे सुकाणूवर होतास, मध्ये ताडपत्री, म्हणून पुढे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. खाडी संपून पाणी मोठं झालं तेव्हा ती ताडपत्रीखालून मान काढून वास घेत होती. वहिनीनं नारळ तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी पाण्यात सोडला आणि वाकून इतका वेळ बघत राहिली की मी मागून तिचा झगा धरला. म्हणाली, "आत्या, तो जात नाही, आपल्याबरोबर येतोय." मी रडत होते. लाटा होत्या म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसेल.

मग ढग फाटले. सकाळपासूनची छाया एका क्षणात गेली आणि पाणी असं चमकायला लागलं की माझेच डोळे मिटले. तू ओरडलास, "मागं फिरा." तुझा आवाज मी वादळातही एवढा घाबरलेला ऐकलेला नाही. होडी वळायला लागली, वहिनीनं प्रांजलवर पदर टाकला. आणि ती पदराखालून बाहेर आली, पिशवीतून बाटली काढली, नाक, गाल, हनुवटीखाली, गळा, सगळं शांतपणे लावलं. मग उठून होडी धरत धरत तुझ्यापाशी आली.

"बाबा, मानेवर मागे मला दिसत नाही. तुम्ही लावा."

तू सुकाणू कृष्णकांतांच्या हातात दिलंस. ज्या माणसानं आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलं नाही त्याच्या हातात. होडी वेडीवाकडी जायला लागली तरी तू पाहिलं नाहीस. तू हातावर सनस्क्रीन घेतलंस. त्या हातानं तू तिला उन्हात बसवलं होतंस, हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि मला वाटतं तिलाही माहीत होतं. तू बोटं टेकवलीस आणि लगेच उचललीस, तिला खरखरीत लागेल म्हणून. ती म्हणाली, "जोरात लावा, पातळ लावलं तर उपयोग नाही." मग तू लावलंस. कानामागे, मानेवर, झालरीच्या आतपर्यंत, जाळं तपासतोस तसं एकही जागा न सोडता. तिथे मला कळलं की आता हिला माझ्याकडून कोणी हिसकावलं तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण तुला कळलं मला काय म्हणायचंय ते.

लावून झाल्यावर तिनं तुला विचारलं, "आता पुढे जायचं?" तू सुकाणू परत घेतलंस आणि होडी पुढे काढलीस. त्या उन्हात, सगळ्यांच्या होड्यांच्या पुढे.

परत धक्क्याला लागल्यावर काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस. तुला वाटलं मी धक्क्यावर वहिनीशी बोलत होते, मी ऐकलं नाही. मी ऐकलं. पुढे निघताना तिनं तुझ्याही तोंडाला सनस्क्रीन फासलं होतं आणि तू ते चोळू दिलं नव्हतंस की तुला चोळायचं असतं हेच माहीत नव्हतं, देव जाणे. होडी लागली तेव्हा नाक, कपाळ, दोन्ही गाल पांढरेफटक. धक्क्यावर बाजा वाजत होता, अख्खा कोळीवाडा उभा होता, तेच लोक ज्यांच्या नजरेपासून दर पौर्णिमेला तू तिला आतल्या खोलीत ठेवायचास. गणू तांडेल मोठ्यानं म्हणाला, "दिना, तू पन पांढरा झालास का रं?"

सगळे हसले. मी तोंड उघडलं होतं, गणूला सोडणार नव्हते. पण तू प्रांजलला काखेत धरून होडीतून वर उचललंस, धक्क्यावर सगळ्यांच्या मध्ये उभं केलंस, आणि तोंड न पुसता म्हणालास,

"मंग? पोरीवर गेलोय मी."

तुझी,
निशा